‘ब’ शेरा

यंदाच्या कार्यमूल्यमापन अहवालात पंचायत समितीच्या शिक्षण विभागातल्या आमच्या कनिष्ठ सहायकांना, भाऊसाहेबांना, मी ‘ब’ श्रेणी दिली. शेरा लिहिला, ‘कामात दिरंगाई’. सही केली आणि अहवाल पुनर्विलोकनासाठी वर पाठवून दिला.

पंधरा दिवसांनी एक निवृत्त शिक्षिका माझ्यासमोर येऊन बसल्या. निवृत्त होऊन ७ महिने झाले, पेन्शन सुरू नाही. “भाऊसाहेब बोलायला चांगले आहेत हो मॅडम, पण काम पुढं सरकत नाही.” मी तडक त्यांच्या टेबलाशी गेले आणि दप्तर काढायला सांगितलं.

टेबलावरचे कागद सहा प्रकारांत वेगळे बांधून ठेवायची सहा गठ्ठा पद्धत कागदोपत्री सगळीकडे असते. टेबलावर बहुतेकांचा एकच गठ्ठा सापडतो. यांचे सहाही गठ्ठे नीट बांधलेले होते. बाईंची संचिका प्रतीक्षाधीन, म्हणजे उत्तराची वाट पाहणाऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात निघाली. सेवापुस्तकात आधीच्या तालुक्यातल्या ४ वर्षांच्या सेवेची पडताळणी नोंदवलेली नव्हती. त्या कार्यालयाला ३ पत्रं गेली होती, स्थळप्रती, म्हणजे आपल्याकडे ठेवायच्या प्रती, जावक क्रमांकासह लावलेल्या. उत्तर एकाचंही नाही. दुसऱ्या कार्यालयाच्या पत्राला उत्तर न देणं हा आपल्याकडे कुणी गुन्हाच मानत नाही.

“मग स्वतः जाऊन नोंद का नाही करून आणली?”

“कधी जाऊ, मॅडम?”

त्यांनी आलेले कागद नोंदवायची कार्यविवरण नोंदवही पुढे केली. मागच्या आठवड्यातल्या ४६ नोंदींपैकी ३१ नुसती माहिती मागवणाऱ्या होत्या: पोषण आहार, गणवेश, आधार, शौचालयं. तीच पटसंख्या ३ वेगळ्या तक्त्यांत. शिवाय ग्रुपवरचे ‘४ वाजेपर्यंत सादर करा’ हे निरोप नोंदवहीत येतच नाहीत, आणि ते टाकणारी मी. शेजारचं टेबल दीड वर्ष रिक्त आहे. त्याचा अतिरिक्त कार्यभार यांना द्यावा, ही टिपणीही मीच ठेवलेली.

प्रशिक्षणांत आम्हाला मानसिकता बदलायला सांगतात. रिक्त पदाबद्दल तिथे कुणी चकार शब्द काढत नाही.

दुसऱ्या दिवशी तक्ते मी भरले आणि त्यांना सेवापुस्तक घेऊन एसटीनं पाठवलं. संध्याकाळी ते सही-शिक्का घेऊन परत आले. बाईंची ७ महिने अडलेली संचिका त्याच आठवड्यात जिल्हा परिषदेकडे गेली.

शेरा बदलावा असं पत्र मी गटविकास अधिकाऱ्यांना दिलं आहे. भाऊसाहेबांना अजून सांगितलेलं नाही. सकाळी ते नमस्कार करतात, तेव्हा सांगायचं ठरवते आणि राहून जातं.