आमची वाटचाल : रिकामं बसल्यावर बंद पडणारी मशीन्स

पुण्यातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये टेस्टिंगच्या टेबलावर एक छापील कागद चिकटवलेला असतो. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) काय चालू ठेवायचं, काय बंद करायचं, कोणती टेस्ट किती वेळ चालवायची. २००७ पासून आम्ही आर्किटेक्ट, व्हिडिओ एडिटर आणि रेकॉर्डिंग स्टुडिओ यांना मशीन्स बांधून देतो, त्यातली बरीच ओव्हरक्लॉक करून, म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवून. आमची वाटचाल म्हणजे खरं तर या कागदाच्या आवृत्त्या. पहिल्या कागदाची पहिली ओळ होती, ‘सी१ई बंद, ईआयएसटी बंद’, म्हणजे काम नसताना प्रोसेसरचा वेग आणि वीज उतरवणाऱ्या सोयी बंद. आजच्या कागदाची पहिली ओळ आहे, ‘सगळं चालू ठेवा’.

त्या काळी ती जुनी ओळ बरोबरच होती. कोअर २ क्वाड क्यू६६०० चा हिशोब सरळ होता. बसचा (मूळ ठोक्याचा) वेग २६६ मेगाहर्ट्झ गुणिले मल्टिप्लायर ९ म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ, बस ३३३ वर नेली की ३ गिगाहर्ट्झ. काम नसलं की ईआयएसटी आणि सी१ई मल्टिप्लायर ९ वरून ६ वर आणत. पण बऱ्याच बोर्डांवर व्होल्टेज हाताने टाकलं की ते तिथेच थांबायचं, खाली यायचा तो फक्त वेग. प्रोसेसरची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत कमी होते, त्यामुळे नुसता वेग उतरवून फारसं काही वाचत नसे. सोयी बंद केल्या की एकच वेग आणि एकच व्होल्टेज उरायचं, म्हणजे तपासायचीही एकच जागा. प्राइम९५, म्हणजे प्रोसेसरला पूर्ण ताण देणारी टेस्ट, बारा तास चाललं की मशीन पास.

२०११ मध्ये इंटेलचा सँडी ब्रिज आला आणि हा हिशोब मोडला. २५००के हा ३.३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ४.५ वर सहज जायचा, आणि रिकामा असताना १.६ वर उतरायचा. आता वेगाबरोबर व्होल्टेजही उतरत होतं, कारण बोर्डांवर ऑफसेट मोड आला होता. ऑफसेट म्हणजे प्रोसेसर जे व्होल्टेज मागेल त्यात इतकं मिळवा किंवा इतकं वजा करा. ग्यानबाची मेख अशी, की हा ऑफसेट वरच्या वेगालाही लागतो आणि खालच्यालाही. लोडवर व्होल्टेज जास्त दिसतंय म्हणून ०.०४ वजा केलं, तर रिकाम्या प्रोसेसरच्या आधीच तुटपुंज्या व्होल्टेजमधूनही तेवढंच गेलं. मग मशीन बारा तासांची टेस्ट पास होणार आणि कोणी नुसती पीडीएफ वाचत बसला की निळी स्क्रीन. तिच्यावर १०१ हा एरर नंबर आला तर बहुतेक वेळा कोअरचं व्होल्टेज कमी. १२४ आला तर तेच, किंवा मेमरी कंट्रोलरचं. काही वेळा नंबरही नाही, सरळ हँग.

इथे लोडलाइन, म्हणजे लोड वाढला की व्होल्टेज किती खाली येतं ते, समजून घ्यावी लागते, आणि आमच्याकडे नवीन आलेला मुलगा नेमका इथेच चुकतो. बायोसमध्ये टाकलेलं व्होल्टेज लोडवर तेवढंच राहत नाही, करंट वाढला की खाली येतं, आणि ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. ९९००के या प्रोसेसरसाठी इंटेलने ठरवलेली लोडलाइन १.६ मिलिओहम आहे. १०० अँपिअर ओढले की ०.१६ व्होल्ट गेले. हे वाया गेले असं वाटतं, पण लोड अचानक सुटतो तेव्हा बोर्डावरच्या वीजपुरवठ्याच्या कॉइलमधला करंट लगेच थांबत नाही. जोरात वाहणारा नळ एकदम बंद केला की पाइप धडकतो, तसं व्होल्टेज क्षणभर उसळी मारतं. आधी ते खाली असेल तर ही उसळी मर्यादेत राहते. हे खाली येणं कमी करणारं लोडलाइन कॅलिब्रेशन सगळ्यात वरच्या लेव्हलला लावलं की मल्टीमीटरवर आकडा छान स्थिर दिसतो, पण लोड येताना खोल खड्डा आणि सुटताना उंच उसळी. काही मायक्रोसेकंदांचा हा मामला मल्टीमीटरला दिसत नाही, ऑसिलोस्कोपला दिसतो. पॉवर सेव्हिंग चालू असलं की प्रोसेसर सेकंदाला शेकडो वेळा झोपतो आणि उठतो, म्हणजे हा खड्डा शेकडो वेळा येतो.

म्हणून सँडी ब्रिजवर आम्ही उलटं करायला लागलो. लोडलाइनची लेव्हल एक-दोन पायऱ्या खाली आणायची आणि ऑफसेट तेवढा वर न्यायचा. लोडवरचं व्होल्टेज होतं तेवढंच राहतं, रिकाम्या वेळचं वाढतं. बऱ्याच मशीन्सना एवढंच पुरलं. ज्यांना नाही पुरलं त्यांच्यावर आधी सी३ आणि सी६ (प्रोसेसरच्या खोल झोपेच्या पायऱ्या) बंद करून बघायचं, सी१ई आणि ईआयएसटीला हात लावायचा नाही. सी६ मध्ये कोअरची वीजच तोडली जाते आणि तिच्यातली माहिती बाजूला जपून ठेवली जाते, म्हणून तिथून उठणं सगळ्यात अवघड. सी६ बंद केल्यावर मशीन टिकलं, तर दोष उठण्याच्या क्षणी व्होल्टेज कमी पडण्यात आहे असं धरायचं. सी६ बंद करणं ही तपासणी आहे, दुरुस्ती नव्हे. ते तसंच बंद ठेवून मशीन देऊन टाकण्याचा मोह होतो.

त्याच पिढीतली एक छोटी भानगड. ४७ च्या (४.७ गिगाहर्ट्झच्या) वर मल्टिप्लायर न्यायला पीएलएल ओव्हरव्होल्टेज (क्लॉक बनवणाऱ्या भागाला जादा व्होल्टेज) चालू करावं लागे, आणि ते केलं की सुरुवातीच्या बायोसवर मशीन स्लीपमधून परत येत नसे. त्यामुळे ४.५ ते ४.६ वर थांबायचं ठरवलं.

इंटेलच्या २०१३ च्या हॅसवेलने वेगळाच धडा दिला. त्याच्या सी६ आणि सी७ मध्ये १२ व्होल्टच्या लाइनवरचा करंट ०.०५ अँपिअरपर्यंत खाली येतो, आधीच्या पिढीत ही किमान मर्यादा ०.५ होती. जुन्या पद्धतीच्या एसएमपीएसमध्ये (मशीनच्या पॉवर सप्लायमध्ये) ५ आणि १२ व्होल्ट एकत्र सांभाळले जातात. १२ वर जवळजवळ काहीच लोड नसला की दोन्ही लाइनी मर्यादेबाहेर जातात, संरक्षण लागतं आणि मशीन टप्पकन बंद. हे ओव्हरक्लॉकिंगचं दुखणंच नव्हतं, पण खापर त्याच्यावर फुटायचं. तपासायची सोपी रीत म्हणजे सगळं स्टॉकवर (कंपनीच्या मूळ सेटिंगवर) आणायचं आणि मशीन रात्रभर रिकामं ठेवायचं. तरीही बंद पडलं तर एसएमपीएस बदला. आतमध्ये डीसी-टू-डीसी (५ व्होल्ट १२ मधून बनवणारं सर्किट) असलेला एसएमपीएस हा नियम कागदावर तेव्हा चढला, तो अजून आहे. हॅसवेलवर आणखी एक जपायचं, अ‍ॅडॅप्टिव्ह मोडमध्ये (व्होल्टेज गरजेप्रमाणे बदलतं त्या) प्राइम९५ लावायचं नाही. एव्हीएक्सचा (जड गणिती सूचनांचा) लोड आला की प्रोसेसर आपण टाकलेल्या आकड्यावर ०.१ व्होल्टच्या आसपास स्वतःच चढवतो. टेस्ट मॅन्युअलवर (ठरावीक व्होल्टेजवर), मशीन देताना अ‍ॅडॅप्टिव्ह.

एएमडीच्या रायझनची पहिली पिढी २०१७ ची. लिनक्सवर ती रिकामी असताना गोठायची. उपाय बायोसमध्येच होता, पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल ‘टिपिकल करंट आयडल’ वर ठेवायचा. पण खरी मेहनत लागली ती २०२० च्या शेवटी, रायझनच्या झेन ३ पिढीत कर्व्ह ऑप्टिमायझर आल्यावर.

कर्व्ह ऑप्टिमायझर प्रत्येक कोअरचा व्होल्टेज आणि वेगाचा अख्खा आलेख खाली सरकवतो. एक पायरी साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टची, आणि उणे ३० पर्यंत जाता येतं. ‘सगळ्या कोअर उणे ३०’ ही सेटिंग जो तो लावतो, आणि ती फुल लोडवर पासही होते. पास होणारच. ५८००एक्सच्या आठही कोअर चालल्या की १४२ वॅटची मर्यादा आडवी येते, वेग खाली राहतो, त्या वेगाला कमी व्होल्टेज पुरतं. कसोटी असते एकच कोअर ४.८५ गिगाहर्ट्झला उडी मारते तेव्हा, म्हणजे सकाळी कोणी माउस हलवला तेव्हा. त्यातही जानेवारीच्या सकाळी जास्त, कारण चिप थंड असली की बूस्ट (प्रोसेसर स्वतःहून गाठतो तो वरचा वेग) वर जातो. तेच मशीन मे महिन्यात रिकामं छान बसतं आणि रेंडरला दमतं. आम्ही हिवाळ्यात एसी न लावता पहाटे पहिली टेस्ट घेतो ती यासाठी.

आमची पद्धत अशी. सगळ्या कोअर उणे १० वर. रायझन मास्टर (एएमडीचं सॉफ्टवेअर) ज्या दोन कोअरना उत्तम म्हणून खूण करतो त्या शून्य किंवा उणे ५ वर, कारण त्यांचा आलेख कारखान्यातूनच ताणलेला असतो. मग कोअरसायकलर (एका वेळी एकाच कोअरला ताण देणारी टेस्ट), एसएसई मोडमध्ये (हलक्या सूचनांवर), कारण त्यात बूस्ट सगळ्यात वर जातो. एका कोअरला सहा मिनिटं, फेऱ्या रात्रभर. टेस्ट मधेमधे थांबवून परत सुरू करण्याची सोय त्यात आहे, ती चालू ठेवायची. मशीन रीस्टार्ट झालं तर विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडायचा. तिथे दिसतं व्हिया-लॉगर (हार्डवेअरच्या चुकांची नोंद), इव्हेंट १८, कॅश हायरार्की एरर, आणि खाली एपीआयसी आयडी (ज्यावरून कोअर कळते तो आकडा). आठ कोअरच्या प्रोसेसरवर त्या आकड्याला दोनाने भागा. १० आला तर कोअर ५, शून्यापासून मोजून. फक्त त्या कोअरचा आकडा ३ ते ५ पायऱ्यांनी वर आणायचा आणि परत रात्रभर. आठ कोअर नीट लावायला तीन-चार रात्री जातात, घाई करून उपयोग नाही.

आता सगळं बंद करून मोकळं होण्याची वाटही उरलेली नाही. बाकीच्या कोअर झोपल्या तरच एक कोअर वरच्या बूस्टला जाते. ग्लोबल सी-स्टेट (सगळ्या झोपेच्या पायऱ्यांचं एकच बटण) बंद केलं की तेवढाच वेग हातचा जातो. विजेचं गणित वेगळंच. रिकाम्या मशीनमध्ये ३० वॅटचा फरक धरला, दिवसाला १० तास आणि वर्षाला ३०० दिवस, तर ९० युनिट, एका मशीनमागे. अपवाद फक्त स्टुडिओंचा. ४८ किलोहर्ट्झवर ६४ सॅम्पलचा बफर म्हणजे १.३३ मिलिसेकंद, त्यात कोअर झोपेतून उठत बसली तर आवाजात टिकटिक येते. तिथे सी६ बंद आणि विंडोजमध्ये हाय परफॉर्मन्स. ओव्हरक्लॉक मात्र नाही.

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीत गोष्ट उलटी झाली. तिथे रिकाम्या वेळचं व्होल्टेज कमी पडत नव्हतं, जास्त होत होतं. २०२४ च्या ऑगस्टमधल्या ०एक्स१२९ मायक्रोकोडने (बायोसमधून येणाऱ्या प्रोसेसरच्या दुरुस्तीने) १.५५ व्होल्टच्या वरची मागणी अडवली, सप्टेंबरच्या ०एक्स१२बी ने हलक्या आणि रिकाम्या वेळची जादा मागणी आवरली. झालेली झीज मायक्रोकोडने भरून येत नाही, त्यामुळे आमच्याकडे अशा प्रोसेसरवर विंडोज टाकण्याआधी बायोस अपडेट होतो. व्होल्टेज कमी करायचं तर सीईपी (व्होल्टेज अपुरं वाटलं की प्रोसेसरचा वेग आतून आवरणारं संरक्षण) आडवं येतं. मशीन बंद पडत नाही, स्क्रीनवर वेगही तोच दिसतो, पण सिनेबेंचचा (वेग मोजणाऱ्या टेस्टचा) आकडा घसरतो. एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये इफेक्टिव्ह क्लॉक बघा, तो दाखवलेल्या वेगाच्या मागे पडलेला असतो.

आजचा क्रम थोडक्यात. बायोस अपडेट, पॉवर सेव्हिंग सगळं चालू, मेमरी स्टॉकवर, मेमटेस्टच्या चार फेऱ्या. एक्सएमपी (मेमरीचा जाहीर केलेला जादा वेग) लावून पुन्हा चार. त्यानंतरच प्रोसेसर. एक तास फुल लोड, रात्रभर एक-एक कोअर, मग विंडोजच्या बॅलन्स्ड प्लॅनवर बारा तास काहीही न करता, स्क्रीन बंद. वीस वेळा स्लीप आणि परत. शेवटी प्लग काढून तासाभराने थंड मशीन सुरू करायचं.

मशीन देताना साइड पॅनेलच्या आत एक चिठ्ठी चिकटवलेली असते. बायोसची आवृत्ती, लोडलाइनची लेव्हल, ऑफसेट, प्रत्येक कोअरचा आकडा, तारीख. बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी काही वर्षांनी उतरते, प्लग काढला की सगळं स्टॉकवर येतं आणि ‘मशीन स्लो झालंय’ असा फोन येतो. नवी बॅटरी टाकायची आणि चिठ्ठीवरचे आकडे भरायचे. बायोस मधल्या काळात अपडेट झालेला असेल तर मात्र ते आकडे तसेच भरायचे नाहीत, एक-एक कोअरची टेस्ट पुन्हा रात्रभर लावायची.