चौदा नंबरचा कागद

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा काकांच्या तळमजल्यावर पत्र्याच्या पेटीत 31 चित्रं होती. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 च्या दंगलीत मुंबईत जे डोळ्यांदेखत झालं, ते त्यांनी चाळीच्या गॅलरीतून आणि खाली उतरून काढलेलं. श्रीकृष्ण आयोगाने त्या दंगलीतले मृत 900 मोजले. काकांनी उलटलेली हातगाडी काढली, छप्पर गेलेल्या दुकानात लोंबणारं कॅलेंडर काढलं. पुराच्या पंचनाम्यात टीव्ही आला, फ्रीज आला, ही पेटी मात्र 'रद्दी' म्हणून. लिहिणाऱ्याने ती उघडूनही पाहिली नव्हती. त्याचा मला अजून संताप येतो.

ओला कागद दोनेक दिवसांत बुरशी धरतो, आणि चिपळुणात वीज नव्हती. मी गठ्ठा रत्नागिरीला आणून मिरकरवाड्यातल्या ओळखीच्या मासळीवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवला, सुरमईशेजारी. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही. मग रोज दोन-दोन कागद सुटे करून टिपकागदावर, सावलीत. (लोक उन्हात वाळवतात, वर लॅमिनेशन करून आणतात. त्यानंतर माझ्यासारखीच्या हातात काही उरत नाही.) काकांच्या रेषा वॉटरप्रूफ काळ्या शाईच्या, त्या जशाच्या तशा होत्या. पोस्टर कलर डिंकाने धरलेला असतो, पाणी लागलं की सुटतो. म्हणून गाळ पूर्ण वाळू द्यायचा आणि मऊ ब्रशने, कोरड्या स्पंजने उचलायचा.

चौदा नंबरच्या उजव्या कोपऱ्यातला डाग कोरडा निघेना. मी ओलसर कापूस फिरवला. वाशिष्ठीचा गाळ तांबूस, हा राखाडी होता. हात तिथेच थांबायला हवा होता.

काका न्यायला आले. चित्र बराच वेळ बघून म्हणाले, "बाय, इथली राख कुठं गेली?"

जळलेल्या गल्लीतून मूठभर राख आणून, डिंकात कालवून त्यांनी ती बोटाने फासली होती. पुरातही ती टिकली होती.

ते रागावले नाहीत. "चुलीतली लाव," म्हणाले. मी नाही म्हटलं. चित्र त्यांचं, हात त्यांचा, तरी मी नाही म्हटलं. तो अधिकार मला होता का, हे मी अजून स्वतःला विचारते आहे.

कापसाचे सात काळे बोळे मी टाकले नव्हते. पाकिटावर '14, उजवा कोपरा' आणि तारीख लिहून ते चित्रासोबत दिले.