फटी बुजवण्याची नोंदवही: खिडक्या नंतर, स्विचबोर्ड आधी

मंडळी, झोपायच्या खोलीतल्या हवेच्या फटी बुजवण्याचं काम आता आकडे मांडण्याइतपत झालंय. खोली साधारण ३६ घनमीटरची. दारं-खिडक्या घट्ट लावलेल्या असतानाही तिच्यातली हवा तासाला १.२ वेळा बदलत होती. म्हणजे एसी लावून बसलं तरी तासाला ४३ घनमीटर बाहेरची हवा आत घुसत होती आणि तेवढीच गार केलेली हवा बाहेर पळत होती. आता हवाबदल ०.५ च्या आसपास आलाय, म्हणजे तासाला साधारण १८ घनमीटर.

ज्यांच्याकडे ब्लोअर डोअर, म्हणजे घराची हवागळती मोजणारं यंत्र आहे त्यांचा हेवा वाटतो. मुख्य दारात पंखा बसवायचा, आत-बाहेर ५० पास्कल दाबाचा फरक धरून ठेवायचा आणि त्यासाठी किती हवा ओढावी लागते ते वाचायचं. ५० पास्कल म्हणजे जेमतेम ५ मिलिमीटर पाण्याचा दाब; ताशी ३३ किलोमीटरचा वारा समोरून आदळला की भिंतीवर साधारण तेवढाच पडतो. पॅसिव्ह हाउसची, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत चालणाऱ्या घट्ट घरांच्या मानकाची अट याच दाबाला तासाला ०.६ हवाबदलाची आहे. माझा ०.५ त्याच्या शेजारी ठेवून कोणी माझी पाठ थोपटू नका. माझा आकडा रोजच्या हवेतला, त्यांचा ५० पास्कलचा. दोन्ही एका तराजूत बसत नाहीत.

माझी पद्धत गरिबाची, कार्बन डायऑक्साइडची. खोलीत माणसं बसवून पातळी चढवायची, मग सगळ्यांनी बाहेर पडायचं, पंखा मंद चालू ठेवायचा म्हणजे हवा ढवळत राहते, आणि पातळी कशी उतरते ते मीटरला नोंदवू द्यायचं. आतली पातळी वजा बाहेरची, असा फरक सुरुवातीला आणि शेवटी काढायचा. पहिल्याला दुसऱ्यानं भागून नैसर्गिक लॉग घ्यायचा, तासांनी भागायचं, झालं. बाहेर ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२० भाग), आत १६२०, फरक १२००. तासाभरानं आत ७८०, फरक ३६०. भागाकार ३.३३, त्याचा लॉग १.२. बुजवल्यानंतर त्याच पातळीवरून सुरुवात केली तर तासाभरात मीटर ११४० पर्यंतच उतरला; फरक ७२०, उत्तर ०.५१.

यात दोन गोष्टी सांभाळा. मीटर एनडीआयआर जातीचाच हवा, म्हणजे इन्फ्रारेड किरण किती शोषले जातात त्यावरून वायू मोजणारा. स्वस्तातले काही मीटर दुसरेच वायू हुंगून त्यावरून कार्बन डायऑक्साइडचा अंदाज सांगतात. ते या कामाला अगदी निरुपयोगी. आणि खोलीचं आतलं दार मोजणीपुरतं मास्किंग टेपनं चिकटवून घ्या. नाहीतर शेजारच्या खोलीतून आलेली हवाही 'बाहेरची' म्हणून हिशेबात शिरते.

आता शोधाशोध. वारा पडलेला असताना खिडक्या लावल्या, बाथरूमचा एक्झॉस्ट चालू केला, मधलं दार उघडं ठेवलं आणि उदबत्ती घेऊन भिंतीकडेनं फिरलो. एक्झॉस्ट घरातली हवा बाहेर ओढतो, त्यामुळे जिथे फट असेल तिथून झोत आत येतो आणि धुराची सरळ रेघ मोडते. सगळ्यांचा संशय असतो खिडकीवर. माझाही होता. पण धूर सगळ्यात जोरात उडाला तो पलंगाशेजारच्या स्विचबोर्डासमोर, आणि दुसऱ्या क्रमांकावर एसीच्या पाइपांची कॉलर.

स्विचबोर्डातून वारा येतो हे ऐकून लोक हसतात. पण प्लेट उघडून पाहा: भिंतीत गाडलेला डबा, त्याच्या वरच्या अंगाला कन्ड्यूटचं, म्हणजे वायरी नेणाऱ्या पाइपाचं तोंड, आणि त्यात चार-पाच वायरी सैल पडलेल्या. तो पाइप वर छताकडे जातो, तिथून दुसऱ्या बोर्डाकडे, कुठेतरी डक्टमध्ये किंवा बाहेरच्या भिंतीत उघडतो. घरभर पोकळ नळ्यांचं जाळं टाकून ठेवलंय आपण, आणि प्रत्येक बोर्ड म्हणजे त्याचं एक तोंड. माझ्या बोर्डात पाइपाच्या कडेला काळी धूळ साचली होती. ही खूण लक्षात ठेवा: कुठल्याही फटीच्या काठावर अशी काळपट रेघ दिसली तर तिथून वर्षानुवर्षं हवा गाळली जातेय असं समजा. काचतंतूंच्या इन्सुलेशनवरही नेमके असेच काळे डाग पडतात, कारण तो कापूस उष्णता अडवतो, हवा नाही.

उपाय सोपा आहे. मेन स्विच बंद करून, टेस्टरनं खात्री करून, कन्ड्यूटच्या तोंडात न वाळणारी डक्ट पुट्टी दाबायची. ही पुट्टी मळलेली कणीक वाटावी इतकी मऊ राहते, त्यामुळे उद्या नवी वायर ओढायची झाली तर काढून पुन्हा लावता येते. प्लेटमागे पातळ फोमचं गॅस्केट. तिथे स्प्रे फोम अजिबात मारू नका. वायरी त्यात कायमच्या अडकतात आणि पुढचा इलेक्ट्रिशियन तुमच्या नावानं बोटं मोडतो.

एसीच्या पाइपांचं भोक ६५ मिलिमीटरचं, म्हणजे ३३ चौरस सेंटिमीटर. पाइप, वायर आणि पाण्याची नळी वजा जाता निम्मं मोकळंच. बाहेरून कॉलर लावून झाकलेलं असतं म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. कमी फुगणारा फोम आतून थोडा-थोडा भरला, वाळल्यावर जास्तीचा कापला, आणि बाहेरच्या तोंडाला सिलंट ओढला. पॉलियुरेथेन फोम उन्हात पिवळा पडून भुसभुशीत होतो, त्यामुळे बाहेर उघडा ठेवायचा नाही. पाइपांवरचं काळं इन्सुलेशन दाबलं जाणार नाही हेही पाहिलं; ते चेपलं की तिथे गार पृष्ठभागावर पाणी सुटतं आणि भिंतीत ओल उतरते.

सरकत्या खिडकीनं मात्र बराच वेळ खाल्ला. दोन पल्ले मधे जिथे एकमेकांवर येतात तिथली केसाळ पट्टी झिजून टक्कल पडलेलं होतं. जुनी पट्टी खाचेतून पक्कडीनं ओढून काढायची, तिची पाठ आणि केसांची उंची मोजायची, आणि त्याच मापाची सरकवायची. माप चुकलं तर पल्ला एकतर खडखडतो नाहीतर जागचा हलत नाही. मधे बारीक पडदा असलेली पट्टी मिळाली तर तीच घ्या, हवा अडवण्यात ती साध्या पट्टीपेक्षा सरस आहे. खालच्या ट्रॅकमध्ये बाहेरच्या बाजूला छोटी आडवी भोकं असतात. तिथूनही वारा येतो, पण ती पावसाचं पाणी निघून जायला आहेत. ती बुजवाल तर पहिल्याच मोठ्या पावसात ट्रॅकचं पाणी घरात उतरेल.

चौकट आणि भिंत यांच्यामधली भेग सिलंटनं भरली. रंग द्यायचा असेल तिथे ॲक्रिलिक, ओल्या जागी सिलिकॉन. सिलिकॉनवर रंग बसत नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन धातूला आणि संगमरवराला खातं, म्हणून चौकटीसाठी तो आंबट वास नसलेलं, न्यूट्रल क्युअर जातीचं. भेग ६ मिलिमीटरहून रुंद असेल तर आधी फोमची गोल दोरी आत दाबायची. नुसतं सिलंट वाचतं म्हणून नाही, तर सिलंटनं दोन्ही कडांनाच चिकटावं, तळाला नाही, म्हणून. तीन बाजूंनी चिकटलेलं सिलंट ताणाला मोकळं राहत नाही आणि पहिल्याच उन्हाळ्यात फाटतं. दोन्हीकडे मास्किंग टेप, नोझल तिरकं कापलेलं, एका दमात ओढलेली रेघ, बोटानं निपटलेली, आणि साय धरायच्या आत टेप काढलेली. एवढं जमलं की ती रेघ पाहुण्यांना दाखवावीशी वाटते. (पाहुण्यांना काही वाटत नाही.)

दाराला चौकटीभोवती ईपीडीएम रबराची पट्टी, खाली आपोआप उतरणारं सील. तपासायला कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचं आणि ओढायची. सहज निघाली तर तिथे दाब नाही. बिजागरीच्या बाजूला हमखास जास्त दाब येतो आणि कुलपाच्या बाजूला कमी.

हे सगळं वीज वाचवायला का, असं विचारणाऱ्यांसाठी हिशेब. बाहेर ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता, आत २५ अंश आणि ५५ टक्के धरा. बाहेरच्या दर किलो हवेत साडेबावीस ग्रॅम पाणी, आतल्या हवेत अकरा. ती हवा ८ अंशांनी गार करायला ८ किलोज्यूल लागतात, पण जादाचं पाणी काढून टाकायला जवळपास २८. म्हणजे दमट दिवसांत फटीतून गरमीपेक्षा साडेतीन पट ओझं पाण्याचं येतं. तरीही तासाला २५ घनमीटर वाचले म्हणजे उष्णतेचे ३०० वॅटच्या आत, आणि एसीची विजेची बचत साधारण १०० वॅट. बिलावर नजर ठेवून कोणी या छंदात पडू नये. फरक जाणवतो तो अंगाला: २६ अंशावर आता चिकचिक होत नाही, आणि सकाळी टेबलावर बोट फिरवलं तर धूळ कमी.

आता गंमत पुढे आहे. खोली घट्ट झाल्यावर सकाळी मीटरनं १८०० च्या आसपास दाखवलं. हिशेबही तेच सांगतो. झोपलेला माणूस तासाला साधारण १३ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दोघांचे २६ लिटर १८ घनमीटर हवेत मिसळले की बाहेरच्या पातळीवर सुमारे १४०० पीपीएमची भर. म्हणून खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात १०० मिलिमीटरचं भोक पाडून त्यात झडप, फिल्टर आणि तासाला ३० घनमीटर हवा आत ढकलणारा छोटा पंखा बसवला. मीटर हजारावर गेला की पंखा चालू, आठशेच्या खाली आला की बंद.

एका मित्रानं लगेच पकडलं: १८ अधिक ३० म्हणजे ४८, मूळच्या ४३ पेक्षा जास्तच, मग बुजवलं कशाला? प्रश्न रास्त आहे. पण तो ४३ वाऱ्याच्या मर्जीवर होता. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो: सेकंदाला ५ मीटर वाऱ्याला १५ पास्कल. आत-बाहेरच्या ८ अंश फरकानं ३ मीटर उंच खोलीत जेमतेम १ पास्कल मिळतो. म्हणजे फटी धुळीच्या वादळात भरपूर हवा देतात आणि निपचित उकाड्याच्या रात्री, जेव्हा खरी गरज असते, तेव्हा फारशी देतच नाहीत. खोली रिकामी असतानाही त्या चालूच. पंखा माणसं असतील तेव्हाच चालतो, हवा गाळून देतो, आणि आतला दाब किंचित चढवत असल्यानं उरलेल्या फटींतून येणारी हवा कमी करतो. त्यामुळे बेरीज सरळ ४८ होतही नाही.

ज्यांच्याकडे घरातली हवा वापरणारा गॅस गिझर किंवा चुलाणं आहे त्यांनी मात्र यातलं काहीही करण्याआधी थांबावं. घट्ट घरात एक्झॉस्टनं ओढलेली हवा चिमणीतून उलटी आत येते आणि तिच्यासोबत कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो. गिझरच्या खोलीची आणि गॅस सिलिंडर किंवा पाइपलाइन असलेल्या जागेची जाळी बुजवायची नाही, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावायचाच.

उरलेलं काम: बाथरूमच्या एक्झॉस्टला उलटा वारा अडवणारी झडप नाही, तिथून येणारी हवा अजून मोजायची आहे. कपाटामागची भिंत पाहायचीय, त्यासाठी कपाट रिकामं करावं लागेल आणि घरच्यांची अजून परवानगी मिळालेली नाही. आणि पंख्याच्या जागी उष्णतेबरोबर ओलावाही परतवणारा एक्स्चेंजर बसेल का, याचं माप घेऊन ठेवलंय. कोणी १०० मिलिमीटरच्या भोकात एकाआड एक दिशेनं फुंकणारा सिरॅमिक गाभ्याचा प्रकार वापरला असेल तर दमट हवेत त्यात पाणी साचतं का, तेवढं सांगा.