तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या वाकळी आणि आमचा गोफ

"एवढ्या सुंदर वाकळी शिवता, मग विकत का नाही? आणि गोफाचा नाच एवढा छान घालता, तर शिगमोत्सवाच्या मिरवणुकीत, महोत्सवांत कधीच कसे दिसत नाही?" मडगावात ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, काणकोणच्या बसमध्ये शेजारच्या सीटवरून, हे दोन प्रश्न माझा पिच्छा सोडत नाहीत. विचारणारे बहुतेक प्रेमानंच विचारतात. मी "बघू या" म्हणून वेळ मारून नेते. पण त्या "बघू या"चे अर्थ लोक आपापल्या परीनं लावतात. कुणाला आम्ही गर्विष्ठ वाटतो, कुणाला मागासलेले. म्हणून एकदा काय ते नीट सांगते.

आधी पैशांचं. आम्हाला पैसे नकोत असं अजिबात नाही. वहिनी ब्लाउज शिवून घराला हातभार लावते आणि वाकळ विकावी असं तिला मनापासून वाटतं. तिच्याशी माझा वाद आहे आणि तो मिटलेला नाही. माझं म्हणणं एवढंच की आमच्या घरात वाकळ शिवून संपत नाही. जुन्या सुती लुगड्यांचे थर एकावर एक अंथरायचे, कडेनं धावदोरा घालत आत आत यायचं, हे तुम्हाला माहीत आहे. पण काही वर्षांनी वरचा थर विरला की ती परत येते. मुंबईला गेलेली आत्याची वाकळसुद्धा परत आली आहे. मग आई ती उसवते. विरलेला थर काढते, मधला चांगला असेल तर ठेवते, नवा घालते आणि पुन्हा टाके मारते. आजी लाल चौकडीचं कापड गुडघ्यापर्यंत नेसायची, खांद्यावर गाठ मारून. त्या कापडांचे तुकडे आमच्या तीन पिढ्यांच्या वाकळींतून फिरत आले आहेत. गोव्याचा फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्सनं ते कुणबी कापड पुन्हा विणवून रॅम्पवर नेलं, तेव्हापासून त्या तुकड्यांना भाव आला. त्याचं काम मोठं होतं, मी त्याच्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही. पण आता लोक येतात आणि म्हणतात, "तो लाल तुकडा वर दिसेल अशी शिवून द्या." तो तुकडा आत असतो, कारण तो सगळ्यांत मऊ झालेला असतो. आणि विकलेली वाकळ उसवायला परत कोण आणणार? वहिनी म्हणते, "आणणार नाहीत तर नाही आणणार, त्यांची ती वस्तू झाली." यावर माझ्याकडे चोख उत्तर नाही. माझा जीव होत नाही, एवढंच.

आता गोफाचं. तिथे मात्र माझ्याकडे उत्तर आहे.

मांडवाच्या मधोमध वरून रंगीत दोर सोडलेले असतात. जितके नाचणारे, तितके दोर. प्रत्येकजण आपल्या दोराचं टोक धरून घुमट-शामेळ या वाद्यांच्या तालावर एकमेकांच्या आतून बाहेरून फिरतो आणि वर वेणी पडत जाते. बघणाऱ्याला वाटतं, झालं. पण तो अर्धाच नाच. त्यानंतर तीच पावलं उलट्या क्रमानं टाकायची आणि नाचत नाचत ती वेणी सोडवायची. शेवटी सगळे दोर मोकळे. घालताना एखादा चुकला तर पटकन कळतही नाही; सोडवताना गाठ बसते आणि सगळ्यांना दिसते. म्हणून बाबा मुलांना आधी सोडवणं शिकवायचे. "घालायला कुणीही घालतो," म्हणायचे.

एका शहरात एका मोठ्या कार्यक्रमाचं आमंत्रण आलं. मी तेव्हा कॉलेजात होते आणि जायलाच हवं असा हट्ट माझाच होता. बाबांचा नव्हता. आई आणि काकीनं त्यासाठी नवे दोर केले. घरातली जुनी लुगडी उभी फाडली, पट्ट्यांना पीळ दिला, दोन्ही टोकं शिवून घेतली. त्यात आजीचंही एक लुगडं होतं. कार्यक्रमाआधी आयोजकांपैकी एकानं बाबांना सांगितलं की आठ मिनिटं मिळतील, वेणी झाली की थांबा, टाळ्या तिथेच पडतात. बाबा म्हणाले, "सोडवायला तेवढाच वेळ लागतो." तो म्हणाला, "बघू." बाबांनी तो होकार समजला.

वेणी पडली. सुरेख पडली. टाळ्या झाल्या आणि त्या टाळ्यांतच निवेदिकेनं पुढच्या कार्यक्रमाचं नाव घेतलं. बाबांनी उलट फेऱ्याचं गाणं उचललं होतं. माइक बंद झाला. ते तसेच गात राहिले. घुमट वाजवणाऱ्या काकांनी त्यांच्याकडे बघितलं, बाबांनी मान हलवली, काका वाजवत राहिले. मुलांनी दोन-तीन पावलं टाकलीसुद्धा. माझा भाऊ त्यांत होता. मग दिवे बदलले आणि मागून एक कामगार शिडी घेऊन आला. त्याच्या हातात कटर होता. त्याला वरून सांगितलं होतं, त्याचा काही दोष नाही. खाली माणसं टोकं धरून उभी आहेत म्हणून तो क्षणभर थांबलाही. कुणीतरी विंगेतून ओरडलं. त्यानं वेणी वरून कापली. ती बाबांच्या खांद्यावर पडली.

मुलांनी टोकं सोडली नाहीत. तशीच धरून सगळे एका रांगेत स्टेजवरून उतरले, मध्ये ती वेणी. मी विंगेत उभी होते आणि हे काय झालं ते मला धड कळत नव्हतं, कारण प्रेक्षकांत टाळ्या अजून चालूच होत्या. आम्हाला मानधन पूर्ण मिळालं, शाल आणि स्मृतिचिन्हही मिळालं. अपमान करायचा कुणाचा हेतू नव्हता हे मला तेव्हाही माहीत होतं. म्हणूनच कुणाशी भांडताही आलं नाही.

टेम्पोत परतताना कुणी बोललं नाही. घरी आल्यावर आईनं वेणी जमिनीवर ठेवली आणि बसून हातानं सोडवू लागली. बाबा म्हणाले, "ठेव. ती हातानं सोडवायची नसते." आईचं उत्तर मला शब्दाशब्दानं आठवतं: "लुगडी माझी आहेत." ती सोडवत राहिली. काही ठिकाणी पीळ इतका घट्ट बसला होता की पट्ट्या फाटल्या. बाबा उठून अंगणात गेले. त्यानंतर बाबांनी गोफ गावाबाहेर नेला नाही. गावच्या शिगम्यात, फाल्गुनात, ते तो अखेरपर्यंत उभा करत राहिले.

आम्ही बदलाला घाबरतो असं म्हणणाऱ्यांना एक सांगते. घुमटावर पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं ती शिकार बंद झाली, तरी चोरून चालायचं. आता आमच्याकडे शेळीचं कातडं चढवतात. आवाज थोडा वेगळा येतो, काकांची त्याबद्दल कुरकुर असते, पण घोरपड वाचली पाहिजे यावर घरात दुमत नाही. सरकारनं 2019 मध्ये घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, तेव्हा आम्ही आनंदच केला. कातडं बदललं तरी घुमट वाजतो. सोडवणं काढून टाकलं तर गोफ उरत नाही. हा फरक मला कुणाला तरी एकदा समजावून सांगायचा होता.

तरीही कॉलेजातली ती मी अधूनमधून माझ्याशी भांडते. ती म्हणायची, गावात बघायला उरलंय कोण? मुलं मडगावला, वास्कोला, जहाजावर. स्टेज मिळालं नाही तर शिकतील कशाला? आज आमच्या वाड्यावर गोफाला पुरेशी मुलं जमवताना भावाची दमछाक होते आणि शेजारच्या गावचं मिरवणुकीत जाणारं पथक पोरांनी भरलेलं असतं, मुलीसुद्धा असतात त्यात. ती चुकीचं बोलत होती असं मला म्हणता येत नाही.

आणि एक गोष्ट आहे जी मी आजवर कुणाला सांगितली नाही, कारण ती माझ्याच बाजूला भोक पाडते. धालो म्हणजे बायकांचा गाण्या-नाचाचा उत्सव, आणि आमच्या आईसारखी धालो गाणारी बाई वाड्यावर नव्हती. पौषातल्या त्या रात्री, मांडावर, म्हणजे त्यासाठी राखलेल्या गावच्या पवित्र जागेवर, समोरासमोर बायकांच्या दोन ओळी, हात एकमेकींच्या पाठीमागून गुंफलेले, वाकत पुढे, वाकत मागे. पहिली ओळ आई उचलायची. बाबा गेले त्या पौषात ती गेली नाही. कुणी ये म्हटलं नाही, कुणी येऊ नको असंही म्हटलं नाही. आमच्या मांडावर विधवा बाई ओळीत उभी राहत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं आणि तिलाही. ती घरात बसून वाकळीला टाके घालायची आणि मांडावरून गाणं ऐकू आलं की चुकलेली ओळ दुरुस्त करायची. घरातल्या घरात, स्वतःशीच. मी ज्या गावाच्या मांडाची बाजू घेऊन तुमच्याशी भांडते, त्या मांडानं माझ्या आईला बाहेर ठेवलं आहे. गावातल्या बायकांशी मी बोलले आहे. तरुण बायका ऐकून घेतात, वयस्कर म्हणतात, "देवीचं आहे ते, आपल्या हातात नाही." आईलाच विचारा म्हणतात. आई म्हणते, "राहू दे, बाय."

या वर्षी वहिनीच्या बायकांच्या गटाला पणजीत धालो सादर करायचं बोलावणं आलं. वहिनीनं आईला विचारलं. मला वाटलं ती नाही म्हणेल, बाबांच्या त्या रात्रीची आठवण काढेल. तिनं विचारलं, "साडी कोणती नेसायची?" तिथे कुणी तिला नवऱ्याचं विचारणार नाही. ज्या जागेवर माझा एवढा राग आहे, ती जागा आईला ओळीत उभी करते आहे.

मी आयोजकांना फोन करून वेळ विचारला. सात मिनिटं. सात मिनिटांत धालोचं काय होणार, असं मी आईला सांगितलं, पुन्हा दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "सात तर सात. कुठली गाणी घ्यायची ते मी ठरवते." ती आणि वहिनी रोज संध्याकाळी तालीम करतात. मला ते अजून पटलेलं नाही, आणि मी त्या दिवशी रजा टाकली आहे.