तुम्ही विचारलंत म्हणून : इंग्रजी उतारा मला कळायला कसा लागला

रविवारी आईला भेटायला वरळीला गेले की परतताना मी अभ्यास गल्लीतून जाते. सुदामकाळू अहिरे मार्गाला आमच्याकडे सगळे अभ्यास गल्लीच म्हणतात. बीडीडी चाळींतली मुलं वर्षानुवर्षं तिथे दिव्याखाली पुस्तकं घेऊन बसत आली आहेत, मीही बसले आहे. तिथे बँकेच्या परीक्षेची तयारी करणारी एखादी मुलगी हमखास विचारते, "ताई, तुम्हीपण मराठी मिडियमच्या ना? मग ग्रामर कसं केलंत? कुठला क्लास लावला होता? आम्हाला शब्द येतात हो, पण पॅसेज कळत नाही."

डोंबिवलीची गाडी गाठायची असते, म्हणून मी दरवेळी अर्धंमुर्धं उत्तर देते. आज सगळं सांगते.

क्लास लावला नव्हता. आमची खोली १६० चौरस फुटांची, माणसं आठ, आणि १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर बाबांचा पगार पुन्हा कधी सुरूच झाला नाही. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं. (राज्यात ते पहिलीपासून आलं २००० साली.) नववीत मला इंग्रजीत बरे गुण पडायचे आणि घरात सगळ्यांना वाटायचं की मला इंग्रजी येतं. मलाही तसंच वाटायचं.

त्याच वर्षी बाबांच्या नावाने एक इंग्रजी पत्र आलं. गिरणीत असताना त्यांनी भरलेल्या एका ठेवीबद्दलचं. मजकूर चार ओळींचा, त्यातली महत्त्वाची ओळ अशी : 'युअर क्लेम विल नॉट बी कन्सिडर्ड अनलेस द ओरिजिनल रिसिट इज अटॅच्ड.' मी शब्दकोश काढला. क्लेम, कन्सिडर, ओरिजिनल, अटॅच, सगळ्यांचे अर्थ पाहिले. मग बाबांना सांगितलं, "नाही म्हणालेत. विचार करणार नाही असं लिहिलंय." बाबांनी पत्राची घडी घातली, देवाच्या फोटोमागे ठेवली आणि काही बोलले नाहीत. पंधरा दिवस त्या पत्राचा विषय घरात निघाला नाही.

आमच्या तिसऱ्या माळ्यावर एक काका होते, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले टंकलेखक. आईने काय मनात आणून ते पत्र त्यांना दाखवलं ठाऊक नाही. त्यांनी एकदा वाचलं आणि विचारलं, "वहिनी, मूळ पावती आहे का घरात?" पावती होती. आईच्या लुगड्यांच्या ट्रंकेत, वर्तमानपत्राच्या घडीत. काकांनी मला बोलावून पत्राच्या कोऱ्या कडेला पेन्सिलीने लिहिलं : 'मूळ पावती जोडल्याशिवाय विचार होणार नाही.' एवढंच. 'अनलेस' म्हणजे 'शिवाय'. पावती जोडली, पैसे आले. थोडेच होते, पण त्या वर्षीची आम्हा भावंडांची वह्या-पुस्तकं त्यातून झाली.

शब्द येतात पण पॅसेज कळत नाही, असं तुम्ही म्हणता तेव्हा मला ते पत्र आठवतं. मी तिथून आले आहे. त्या ओळीतला एकही शब्द मला अडला नव्हता. अडली होती वाक्याची बांधणी.

काका मला रोज संध्याकाळी अर्धा तास बसवू लागले. ते स्वतः तर्खडकरांची भाषांतर पाठमाला गिरवून शिकलेले, त्यामुळे मराठीचं इंग्रजी आणि इंग्रजीचं मराठी यांवर त्यांचा विश्वास. पुढे कॉलेजात मला वेगळा सल्ला मिळाला, आजही सगळीकडे तोच मिळतो : मराठी डोक्यातून काढून टाका, इंग्रजीतूनच विचार करा. मला तो पटलेला नाही आणि मी तो कुणाला देत नाही. ज्या मुलीच्या घरात, गल्लीत, देवळात, बाजारात मराठी आहे तिने मराठी काढून कुठे ठेवायची? माझं इंग्रजी व्याकरण मराठीकडे नीट बघायला लागल्यावर सुटत गेलं. माझ्या बहुतेक चुका बरोबर मराठीच्या होत्या, फक्त त्या इंग्रजीत चालत नव्हत्या. कोणती चूक कुठून येते ते कळलं की ती आपोआप कमी होते.

'पासून' घ्या. 'मी दोन वर्षांपासून इथे राहते', 'मी सोमवारपासून आजारी आहे'. मराठीत दोन्हीकडे 'पासून' आणि दोन्हीकडे वर्तमानकाळ. म्हणून आपण 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स' म्हणतो. इंग्रजी इथे दोन प्रश्न वेगळे करते. केव्हापासून, याला 'सिन्स मंडे'. किती काळ, याला 'फॉर टू इयर्स'. आणि तेव्हा सुरू होऊन अजून चाललंय म्हणून क्रियापद 'हॅव बीन'.

किंवा 'होते'. 'मी काल दादरला गेले होते' हे आपलं अगदी साधं वाक्य. त्यावरून आपण 'आय हॅड गॉन टू दादर यस्टर्डे' म्हणतो, आणि मुंबईतल्या कुठल्याही ऑफिसात ते दिवसातून दहादा ऐकू येतं. इंग्रजीत 'हॅड गॉन' एकटं राहत नाही, त्याला नंतर घडलेली दुसरी गोष्ट लागते. 'व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.' आधी गाडी गेली, मग मी पोचले. काल दादरला गेले, एवढंच सांगायचं तर 'वेंट' पुरतं. उताऱ्यात याचा मोठा उपयोग होतो. आधी काय घडलं आणि मग काय, असा प्रश्न आला की 'हॅड' शोधायचा. ते सगळ्यात जुनं.

'ए' आणि 'द' यांनी मला सगळ्यात जास्त छळलं. मराठीत असं काही नाहीच, असं मी धरून चालले होते. काकांनी कहाणीची सुरुवात म्हणायला लावली. आटपाट नगर होतं, तिथे एक राजा होता. मग विचारलं, "पुढच्या वाक्यात 'एका राजाला दोन राण्या होत्या' म्हणशील का?" नाही म्हणणार. 'राजाला' म्हणणार, किंवा 'त्या राजाला'. पहिल्यांदा ओळख करून देताना 'एक', ओळख झाल्यावर नुसतं नाव. 'ए किंग' आणि मग 'द किंग' यात पहिली पायरी हीच आहे. ती पक्की झाली की बाकीचे अपवाद वाचता वाचता अंगवळणी पडतात, त्यांची यादी पाठ करून माझ्या हाती काही लागलं नाही.

याच जातीची एक गोष्ट मला बँकेत लागल्यावर कळली आणि त्या दिवशी मी घरी जाईपर्यंत आनंदात होते. 'फ्यू पीपल केम' आणि 'अ फ्यू पीपल केम'. मधे एक इवलासा 'अ', पण अर्थ फिरतो. मराठीत हेच काम आपला 'च' करतो. 'थोडेच लोक आले' यात निराशा आहे, म्हणजे 'फ्यू'. 'थोडे लोक आले' यात निदान आले तरी, म्हणजे 'अ फ्यू'. लेखकाचा सूर कोणता, हा प्रश्न परीक्षेत हमखास असतो, आणि सूर अशा बारक्या जागीच बसलेला असतो.

आता उताऱ्याकडे येते, कारण खरी अडचण तिथे आहे.

शाळेने आपल्याला एक वाईट सवय लावली. 'एका वाक्यात उत्तरे लिहा' आलं की प्रश्नातला एक शब्द धरायचा, तो उताऱ्यात जिथे सापडेल ती ओळ जशीच्या तशी उतरवायची. गुण मिळायचे. उतारा न कळताही मिळायचे, म्हणून तर नववीत मला ते पत्र कळलं नाही. स्पर्धा परीक्षेत ही युक्ती उलटते, कारण चुकीच्या पर्यायांतच उताऱ्यातले शब्द मुद्दाम पेरलेले असतात. दुसरा एक पर्याय जगात खरा असतो, पण उताऱ्यात म्हटलेला नसतो. तोही सोडायचा.

काकांची पद्धत मी अजून वापरते. लांब वाक्य आलं की आधी मुख्य क्रियापद शोधायचं आणि त्याला 'कोण?' किंवा 'काय?' विचारायचं. त्यांनी दिलेलं एक वाक्य मला पाठ आहे : 'द रिसिट इश्यूड बाय द क्लार्क ऑन द डे ऑफ पेमेंट मस्ट बी प्रोड्यूस्ड.' मी 'इश्यूड'पाशीच थांबले आणि म्हटलं, पावतीने काहीतरी दिलं. ते म्हणाले, "हेच मराठीत सांग." पैसे भरले त्या दिवशी कारकुनाने दिलेली पावती दाखवलीच पाहिजे. बघा, मराठीत पावतीचं सगळं वर्णन पावतीच्या आधी येतं. इंग्रजीत पावती आधी येते आणि वर्णनाची शेपटी मागून. आपण आपल्या सवयीने नामानंतर लगेच क्रियापद धरायला जातो आणि शेपटीतच अडकतो. काका त्या शेपटीभोवती पेन्सिलीने कंस करायला लावायचे. कंस झाकून वाचायचं : 'द रिसिट मस्ट बी प्रोड्यूस्ड.' पावती दाखवली पाहिजे. मग कंस उघडायचा : कुठली पावती? वर्षभर मी हे कंस करत होते. नंतर ते डोळे आपले आपणच करायला लागले.

'अनलेस', 'अंटिल' यांचंही असंच. आपण म्हणतो, 'तो येत नाही तोपर्यंत मी जाणार नाही'. दोन्हीकडे 'नाही'. इंग्रजीत तो दुसरा 'नाही' या शब्दांच्या पोटातच असतो, म्हणून 'अंटिल ही डझन्ट कम' होत नाही, 'अंटिल ही कम्स' होतं. वाचताना हे शब्द दिसले की मी आजही थांबते आणि 'शिवाय' लावून बघते.

एक गोष्ट माझी मी शोधली. इंग्रजीत 'वुई' एकच, आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन. उताऱ्यात 'वुई' आलं की मी मनात विचारते, हा लेखक मला धरून बोलतोय की वगळून? 'आपण विचार केला पाहिजे' की 'आम्ही तपासणी केली'? एवढ्या एका प्रश्नाने लेखक कुठे उभा आहे ते कितीदा तरी उलगडतं. ही सोय इंग्रजी बोलत मोठ्या झालेल्या मुलांकडे नसते, आपल्याकडे आहे.

वाचायचं काय, हेही विचारता. मी मंडळाच्या वाचनालयात एकच बातमी दोन पेपरांत वाचायचे, आधी मराठीत, मग इंग्रजीत. महापालिकेच्या 'जी दक्षिण' विभागात, म्हणजे आमच्या वरळीत, अमुक दिवशी पाणी नाही, ही बातमी आमच्या जिवाची होती, त्यामुळे मराठीत ती नीट वाचलेली असायची. मग इंग्रजीत अर्थ आधीच माहीत, आणि सगळं लक्ष बांधणीकडे देता यायचं. पेपर मिटून तीच बातमी आईला मराठीत सांगायची. सांगताना जिथे अडखळायचे तिथे परत जाऊन वाचायचे. दिवसाला एक छोटी बातमी. दहा नकोत.

शब्दांच्या याद्या मी कधी केल्या नाहीत. बोलण्याचा सराव वेगळा, तो माणसांत होतो.

घड्याळ मात्र शेवटी लावा. बँकेच्या लिपिक पदाच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे ३० प्रश्न २० मिनिटांत सोडवायचे असतात आणि चुकलेल्या उत्तराला पाव गुण जातो, म्हणून तुम्ही पहिल्या दिवसापासून वेळ लावून बसता. गेल्या महिन्यात एका मुलीने मला तिची वही दाखवली. चाळीस उतारे, प्रत्येकावर मिनिटं लिहिलेली, आणि चुकलेल्या उत्तरांवर नुसती फुली. ते उत्तर का चुकलं, याबद्दल एक अक्षर नाही. मला फार वाईट वाटलं, कारण तिची मेहनत माझ्यापेक्षा जास्त होती. मी तिला म्हटलं, यातले पाच उतारे परत घे, वेळ लावू नकोस. प्रत्येक फुलीसमोर मराठीत एक ओळ लिही : कुठला शब्द सुटला, शेपटी कुठे तुटली, 'नाही' कुठे लपला होता. दोन आठवड्यांनी तिने दाखवलं. बारापैकी सात चुका 'अनलेस', 'हार्डली', 'फ्यू' अशा शब्दांच्या होत्या, पोटात 'नाही' घेऊन बसलेल्या. तिने त्यांना स्वतःच नाव दिलं होतं : 'लपलेले नाही'. वहीच्या मागच्या पानावर ती आता तसे शब्द गोळा करते आहे, समोर मराठी वाक्यं लिहून. 'हार्डली'समोर तिने लिहिलं होतं, 'जेमतेम, म्हणजे जवळपास नाहीच.' मला यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं.

रविवारी साडेपाचच्या सुमारास मी गल्लीत असते. इथून पुढे सातची गाडी धरेन, म्हणजे तास-दीड तास मिळेल. येताना उतारा आणा, तुम्हाला न कळलेला, आणि पेन्सिल आणा. कंस पेन्सिलीनेच करायचे, ते खोडावे लागतात.