यादीतलं गाव आणि अंगणातलं गाव

आज गावी ग्रामसभेला बसले होते. रत्नागिरी जिल्ह्यातलं आमचं गाव वाड्यावाड्यांत विखुरलेलं: कुणबीवाडी, बौद्धवाडी, खाली खाडीकडे मुस्लिम मोहल्ला. गणसंख्येला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली कमी असेल तेवढी माणसं लागतात. तेवढीही जमेनात. मतदारयादीत नावं भरपूर, पण शेजारी बसलेल्या काकी म्हणाल्या, "नाव गावात, माणूस मुंबयत." समोर बघितलं तर बहुतेक बायका आणि म्हातारी माणसं.

2001 ते 2011 या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढत असताना आमच्या जिल्ह्याची सुमारे 80 हजारांनी घटली. 2011 च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे 1122 बायका. हा आकडा कौतुकानं सांगितला जातो, तेव्हा मला त्रास होतो. कर्ते पुरुष मुंबईला गेले म्हणून तो एवढा मोठा आहे. लावणी, गुरं, सासूचं औषधपाणी, सगळं मागे राहिलेल्या बाईच्या अंगावर.

आणि आंब्याच्या बागांत राखणीला असलेली नेपाळी कुटुंबं? त्यांची दोन मुलं आमच्या शाळेत आहेत. धाकटी माझ्याशी अस्सल गाववाल्या हेलात मराठी बोलली. पण गावाची माणसं मोजताना तिचं घर कुणालाच आठवत नाही.

सभा शेवटी तहकूब झाली. पाण्याच्या लाईनीचा विषय तसाच राहिला. गणपतीला सगळे आलात की तेव्हा तरी एक दिवस बसूया. चाकरमान्यांनो, हे तुमच्यासाठीच लिहितेय.