वाफ्याचं दार

गुरुवारी सकाळी पावणेनऊला डार्करूममध्ये शिरले, डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणारं जेल यूव्हीच्या काचेवर ठेवलं आणि दिवा लावला. आधी सगळं जांभळं दिसतं, मग डोळे सरावले की नारिंगी पट्टे उठून येतात. नऊ लेन होत्या. पहिलीत लॅडर, म्हणजे लांबी मोजायची पट्टी, दुसरी-तिसरी एका बाईच्या गाठीच्या डीएनएची, चौथी-पाचवी त्याच बाईच्या रक्ताची, पुढच्या दोन कंट्रोलच्या आणि शेवटच्या दोनमध्ये नुसतं पाणी. पाण्याच्या लेन कोऱ्या होत्या, म्हणजे कुठे भेसळ झालेली नव्हती. मग दुसऱ्या लेनवर नजर गेली आणि तिथेच थांबले. पट्टा आला होता, चांगला ठसठशीत. रक्ताच्या बाजूला त्याच जागी काहीच नव्हतं.

मी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत स्तनाच्या कॅन्सरमधल्या जनुकांवर काम करते. ही गोष्ट एका रुग्ण बाईंची आणि त्याहून जास्त त्यांच्या आईची आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

वय 36. दिवाळीत आंघोळ करताना गाठ हाताला लागली, संक्रांतीपर्यंत ती लिंबाएवढी झाली. बायॉप्सीत ग्रेड 3, म्हणजे सगळ्यात आक्रमक. ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. म्हणजे इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-टू या तिन्हींचे रिसेप्टर गाठीच्या पेशींवर नाहीत. ज्याला आम्ही ट्रिपल निगेटिव्ह म्हणतो तो प्रकार. केआय-67 होता 80 टक्के, म्हणजे शंभरातल्या ऐंशी पेशी विभागणीच्या चक्रात होत्या. इस्ट्रोजेनचा मार्ग रोखणाऱ्या गोळ्या आणि हर-टूला धरणारं इंजेक्शन इथे चालत नाही, कारण ज्याला धरायचं तेच त्या पेशींवर नसतं. भारतात हा प्रकार पाश्चात्य देशांपेक्षा जास्त प्रमाणात दिसतो, आणि तोही तरुण वयात. डॉक्टरांनी आधी केमो, मग ऑपरेशन असं ठरवलं.

इतक्या कमी वयात ट्रिपल निगेटिव्ह म्हटल्यावर रक्तातून बीआरसीए तपासणी, म्हणजे घराण्यातून येणाऱ्या जनुकदोषाची तपासणी, झालीच. रिपोर्ट आला: बीआरसीए-1 आणि बीआरसीए-2 मध्ये रोगकारक बदल आढळला नाही.

त्या दिवशी आई बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. नऊवारी, मांडीवर फाइलची पिशवी. मी ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, घ्यायला पॅथॉलॉजीकडे निघाले होते. त्यांनी माझा कोट बघून हात धरला. "बाई, खरं सांगा. माझ्याकडनंच गेलं न्हवं पोरीला?" रिपोर्ट चांगला आहे, तुमच्याकडून काही गेलेलं नाही, असं मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण हात सोडला नाही. "मग आलं कुठनं? कुठनं तरी यायला पायजे की."

त्यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. पण प्रश्न अगदी बरोबर होता.

मेरी-क्लेअर किंग यांनी 1990 मध्ये दाखवलं की घराण्यात चालणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरचा एक धागा 17 व्या गुणसूत्रावर आहे. 1994 मध्ये ते जनुक हाती लागलं, तेच बीआरसीए-1. तेव्हापासून लोकांच्या मनात, आणि बऱ्याच डॉक्टरांच्याही मनात, एकच चित्र बसलंय: जनुक बिघडलं की कॅन्सर, जनुक चांगलं तर चिंता नाही. पण जनुक अक्षरनअक्षर चांगलं असूनही मुकं असू शकतं. जनुकाच्या सुरुवातीला एक भाग असतो, प्रोमोटर. पेशीची यंत्रणा तिथे बसते आणि जनुक वाचायला घेते. त्या भागातल्या सी या अक्षरांवर (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) मिथाइल नावाचे बारीक रासायनिक गट चिकटले, की तो भाग घट्ट गुंडाळला जातो आणि यंत्रणेला बसायला जागाच उरत नाही. पेशी दुभंगली की एक एन्झाइम त्या खुणा नव्या प्रतीवरही जशाच्या तशा उतरवतं. त्यामुळे एकदा बंद झालेलं जनुक पुढच्या सगळ्या पेशींत बंदच राहतं. आणि बीआरसीए-1 चं काम काय, तर डीएनएचे दोन्ही धागे तुटले तर ते अचूक सांधायचं. ते गप्प बसलं की चुका साचत जातात आणि गाठ बेफाम होते.

आमच्या अभ्यासासाठी बाईंनी संमती दिली होती. तपासायचं हेच होतं की त्यांच्या गाठीत बीआरसीए-1 चा प्रोमोटर असा मिथाइल चिकटून, म्हणजे मिथिलेशनने, बंद झालाय का.

पहिला रन दोन आठवड्यांपूर्वी फसला. गाठीच्या दोन्ही लेन कोऱ्या, बंद जनुक दाखवणारी एमची आणि उघडं दाखवणारी यूची. माझी विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, एमचा बँड नाही, म्हणजे मिथिलेशन नाही असं लिहू?" मी तिला यूची लेन दाखवली. तीही कोरी होती. जनुक एकतर बंद असेल किंवा उघडं, दोन्ही नाही असं होऊच शकत नाही. म्हणजे जनुकाने उत्तर दिलंच नव्हतं, आपल्यापर्यंत डीएनएच धड पोचला नव्हता. तो तुकडा फॉर्मालिनमध्ये गरजेपेक्षा बराच जास्त काळ पडून होता, आणि त्यात डीएनएचे तुकडे तुकडे होतात. "नाही" लिहिण्याआधी ते "नाही" कोणाचं आहे हे विचारायचं, एवढं ती त्या दिवशी शिकली असेल तर तो फसलेला रन वाया गेला नाही असं मी धरते.

मग दुसऱ्या ब्लॉकमधून जास्त सेक्शन कापून घेतले. बायसल्फाइटची पद्धत मला आजही विलक्षण वाटते. डीएनएवर सोडियम बायसल्फाइट घातलं की उघडे सी बदलून जातात आणि पुढे टी म्हणून वाचले जातात. मिथाइल चिकटलेले सी मात्र तसेच राहतात. डोळ्यांना न दिसणारी खूण अशी अक्षरांच्या फरकात उतरते. मग दोन नळ्या लावायच्या. एम नळीतले प्रायमर, म्हणजे ठरावीक जागीच चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे, बंद जनुकालाच धरतात, यू नळीतले उघड्याला. बायसल्फाइट स्वतःही डीएनए तोडतं, म्हणून बुधवारी रात्री मला नीट झोप लागली नाही.

आणि गुरुवारी सकाळी तो पट्टा. गाठीत एम ठळक, यू फिका. गाठीत मिसळलेल्या निरोगी पेशींमुळे तेवढा यू येतोच. रक्तात मात्र यू एकटाच.

मी फोटो काढला आणि थेट बाईंच्या डॉक्टर मॅडमकडे गेले. हा संशोधनातला निकाल, त्यावर उपचार ठरत नाहीत, म्हणून फाइलला लागणार नव्हता. मॅडमनी फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "दुपारी दोघी केमोला येणार आहेत. तूच सांग, मी बसते सोबत."

बाई खुर्चीत टेकून होत्या, हाताला सलाइन. आई पायाशी स्टुलावर. मी कागदावर रेघ ओढली, हे जनुक, ही त्याची सुरुवात. बिघाड नाही, पण गाठीत ते बंद झालंय. रक्तात तसं काही दिसलं नाही. म्हणजे हे बहुतेक तिच्या स्तनातल्याच एखाद्या पेशीत नंतर कधीतरी घडलं असावं, आईकडून आलेलं दिसत नाही.

आई कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे हिरीला पाणी हाय, पाटाला बी पाणी हाय. त्या एका वाफ्याचं दार कुणीतरी मातीनं बुजवलंय. वाफा वाळला."

मी वीस वर्षं हा विषय शिकवतेय, पण इतकं नेमकं मला कधी सांगता आलेलं नाही. रात्रीच्या लाइटीला दारं धरलेल्या बाईला एपिजेनेटिक्स, म्हणजे अक्षरं न बदलता जनुक चालू-बंद होण्याचं शास्त्र, एका वाक्यात कळलं होतं. बाई डोळे मिटून होत्या, त्या तशाच म्हणाल्या, "आई, आता तरी रात्री रडत बसू नको."

त्यावर आईंनी पुढचा प्रश्न विचारला. विचारणारच होत्या. "बुजवलेलं दार उघडता येतं का औषधानं?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मिथाइल काढणारी औषधं आहेत, ॲझासिटिडीन, डेसिटाबीन, ती रक्ताच्या काही आजारांत वापरतात. पण इथे गोष्ट उलटी आहे. दार बंद असल्यामुळेच गाठीच्या पेशीला आपला तुटलेला डीएनए नीट सांधता येत नाही, आणि केमोतली काही औषधं नेमका तोच तोडतात. दार उघडलं तर सुधारणार गाठच. आणि घोर असा की ते दार गाठीलाही उघडता येतं. अक्षर चुकलं असेल तर ते सहसा तसंच राहतं, खूण मात्र पुसली जाते. ब्रिटनमधल्या टीएनटी चाचणीचे निकाल 2018 मध्ये आले. जन्मजात बीआरसीए दोष असलेल्या बायकांना कार्बोप्लॅटिन या डीएनएला इजा करणाऱ्या केमोचा डोसेटॅक्सेल या दुसऱ्या केमोपेक्षा जास्त उपयोग झाला, पण नुसतं मिथिलेशन असलेल्यांत तसा फायदा दिसला नाही. औषधाच्या माऱ्यात ज्या पेशींची खूण पुसली गेली त्या तगल्या, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं.

हे सगळं त्या स्टुलापाशी मी सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "मावशी, सध्या ते दार बंद असलेलंच बरं. औषधाला तेवढीच फट मिळते." त्यांना ते पटलं की नाही कळलं नाही. त्यांनी कागदाची घडी घातली आणि फाइलच्या पिशवीत, रिपोर्टांच्या मागे ठेवली.

संध्याकाळी उरलेला डीएनए उणे 80 च्या फ्रीजरमध्ये ठेवला. आमच्या नियमाप्रमाणे त्याच खोक्यात शेजारचा खण मोकळा सोडायचा असतो, ऑपरेशननंतर उरलेल्या गाठीच्या नमुन्यासाठी. केमोनंतर खूण टिकली की पुसली गेली, हे त्या दोन नमुन्यांच्या तुलनेतूनच कळतं. माझ्या कामासाठी तो नमुना सोन्यासारखा आहे. पण केमोने गाठ पुरती विरघळली तर तपासायला काही उरत नाही आणि खण रिकामा राहतो. मी खणावर तिचा नंबर लिहिला आणि तो रिकामाच राहावा असं मनापासून म्हणत खोकं आत सरकवलं.